जूनची शाळेची खरेदी: आधी जुनं दप्तर रिकामं करा

शाळेची खरेदी करायला निघायच्या आधी मागच्या वर्षीचं दप्तर सतरंजीवर उलटं करा. यादी, बजेट, दुकान हे सगळं नंतर. मी मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा केलं तेव्हा दोन्ही मुलांच्या दप्तरांतून आणि टेबलाच्या खणातून 17 चांगल्या पेन्सिली, 3 शार्पनर, 2 कंपासपेट्या ज्यात फक्त कोनमापक नव्हता आणि 9 वह्या निघाल्या ज्यातली निम्म्याहून जास्त पानं कोरी होती. आणि हे सगळं त्याच्या आदल्या जूनमध्ये मी नवीन घेतलेलं, कारण शाळा सुरू व्हायला तीन दिवस राहिले असताना ऑफिस सुटल्यावर पावसात भिजत पुण्यातल्या पुस्तकं-वह्यांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात गेले होते, काउंटरपर्यंत पोचायलाच पाऊण तास लागला, पोरं कंटाळून रडायला आलेली, दुकानातल्या मुलाने 'पहिलीचा सेट, पाचवीचा सेट' म्हणून दोन पिशव्या पुढे केल्या आणि मी आत काय आहे ते न बघता पैसे दिले. त्या वर्षी फी सोडून दोघांचे मिळून 19,300 रुपये गेले. मागच्या वर्षी 14,200. शाळा त्याच, शहर तेच पुणे, पोरं एकेक इयत्ता वर गेलेली, म्हणजे खर्च खरं तर वाढायला हवा होता. म्हणून काय काय केलं ते सविस्तर सांगते, तुमच्याकडे अजून वेळ आहे तोवर उपयोगी पडेल.

त्या कोऱ्या पानांचं काय करायचं ते आपल्या आईवडिलांना पाठ होतं. पानं नीट फाडून, एकरेघी वेगळी, दुरेघी वेगळी, चौकटीची वेगळी अशी लावायची आणि बाइंडिंग करून घ्यायची. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने स्पायरलचे 40 रुपये एका वहीचे घेतले, त्यात दोन जाड रफ वह्या झाल्या आणि पुढचे सहा महिने रफ वही आणली नाही. शुद्धलेखन, पाढे, गणितं सोडवून बघणं सगळं त्यातच.

मग यादी करायची, पण तिचे दोन भाग करा, खरी बचत इथेच होते. पहिल्या भागात फक्त पहिल्या दिवशी लागणाऱ्या गोष्टी: गणवेश, दप्तर, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, दोनतीन वह्या आणि कंपास. बाकी सगळं दुसऱ्या भागात, म्हणजे शिक्षक वर्गात सांगतील तेव्हा. कारण कोणत्या विषयाला किती पानी वही, लाँगबुक की साधी, कव्हर कोणत्या रंगाचं, हे प्रत्येक बाई आपापलं सांगतात आणि आधी आणलेल्या डझनातल्या चार वह्या तशाच पडून राहतात. पहिले आठ दिवस फारसं लिखाण होतही नाही. आपल्याकडे शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात (विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी), आणि 25 जूनपर्यंत दुकानातली गर्दी एवढी ओसरलेली असते की दुकानदार शांतपणे चार प्रकार काढून दाखवतो.

वह्यांसाठी एकट्याने जाऊ नका. बिल्डिंगमधल्या चारपाच घरांनी मिळून घेतलं तर होलसेलचा भाव मिळतो. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट, ही त्यासाठीच माहितीची ठिकाणं. आम्ही पाच जणींनी मिळून 12 डझन घेतल्या, छापील किमतीपेक्षा एका वहीमागे 14 रुपये कमी पडले, म्हणजे सगळ्यांचे मिळून 2,016 रुपये वाचले. जाताना शनिवार-रविवार टाळा, सकाळी अकराच्या सुमाराला जा.

आणि यंदा एक नवीन गोष्ट आहे जी दुकानात आठवणीने बोलायची. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, क्रेयॉन, नकाशे यांच्यावरचा जीएसटी शून्य झालाय. वह्या-पेन्सिलींवर आधी 12 टक्के होता, खोडरबरवर 5. कंपासपेटीवर 12 चा 5 झालाय. पेन आणि दप्तर यात नाहीत, त्यांच्यावर कर आहेच. तेव्हा जुन्या छापील किमतीची वही हातात दिली तर विचारा की हा माल कधीचा आणि आता भाव काय. भांडायची गरज नाही, नुसतं विचारलं तरी बहुतेक दुकानदार कमी करतात. बिल मात्र नगावार मागा. 'सेट 2,400' एवढंच लिहिलेल्या कागदावरून काहीच कळत नाही. आत काय काय आहे ते लिहून घेतलं की लक्षात येतं की त्यात चित्रकलेची वही दोनदा आहे आणि तुमच्याकडे घरी आधीच असलेले रंगही आहेत.

आता पाठ्यपुस्तकं. शासकीय, जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, त्यामुळे तिथे आधी विकत घेऊन ठेवू नका. माझी मुलगी अनुदानित शाळेत आहे तरी एका वर्षी मी हौसेने पूर्ण संच आधीच आणला आणि पहिल्याच दिवशी शाळेने तोच संच हातात दिला. धाकटा विनाअनुदानित सेमी इंग्लिशला, त्याची विकत घ्यावी लागतात. तिथे पुस्तकाची किंमत मागच्या पानावर छापलेली असते, तेवढीच द्यायची. पुस्तक यायला उशीर होत असेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे, तोवर पहिला धडा मोबाइलवर वाचता येतो, पुस्तक लवकर मिळवून देतो म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. सीबीएसईवाल्यांना एनसीईआरटीची पुस्तकंही अशीच फुकट डाउनलोड करता येतात, आणि छापील घेतली तरी खासगी प्रकाशनाच्या पुस्तकांपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतात.

जुनी पुस्तकं घेणं चांगलंच, आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या ताईची पुस्तकं दोन वर्षं वापरली. पण यंदा जरा बघून घ्या. 2025-26 ला पहिलीचं पुस्तक नवीन अभ्यासक्रमाचं आलं आणि पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत, त्यामुळे आपल्या इयत्तेचं यंदा बदललंय का हे शाळेत विचारल्याशिवाय कोणाची जुनी पुस्तकं घेऊन कव्हरं घालत बसू नका. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच जूनमध्ये अजिबात घेऊ नका. दिवाळीपर्यंत मूल कुठे अडतंय ते कळतं, मग लागेल त्या एका विषयाचं घ्या.

गणवेशावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. पहिली चूक म्हणजे एप्रिलमध्ये, निकालाच्या दिवशी माप देणं. सुट्टीत पोरं आजोळी जातात, आंबे खातात आणि जूनला बघावं तर पँट घोट्याच्या वर. माप मेच्या शेवटी द्या आणि वाढत्या अंगाचं द्या. शिंप्याला सांगा की खालची दुमड तीन इंच आत ठेव आणि कमरेला शिलाईत कापड सोड, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं. रेडिमेड घेत असाल तर दुमड आतून उलटून बघा, बऱ्याच ठिकाणी जेमतेम अर्धा इंच असते, तो गणवेश एकाच वर्षाचा. शर्टाच्या कॉलरचं आणि पिनोच्या (मुलींच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या) काखेचं शिवण हाताने ताणून बघा, तिथेच पहिल्यांदा उसवतं.

दुसरं म्हणजे दोन पूर्ण जोड घ्यायलाच पाहिजेत असं नाही. जुलैमध्ये कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत हे खरं, पण मळतो आणि रोज धुवावा लागतो तो शर्ट. पँट किंवा स्कर्ट दोन दिवस चालतो. म्हणून मी शर्ट तीन, पँट एक नवीन आणि एक मागच्या वर्षीची दुमड सोडलेली, असं करते. यातच एका मुलामागे 600-700 रुपये वाचतात. टाय, बेल्ट, बॅज मागच्या वर्षीचे चालतात, विचारून बघा. मोठ्या भावंडाचा गणवेश धाकट्याला देताना मात्र त्याला एक तरी गोष्ट कोरी द्या, डबा किंवा बाटली, पोरांच्या मनात ते राहतं. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन गणवेशांसाठी 600 रुपये प्रति विद्यार्थी अशी तरतूद आहे, त्यामुळे तिथल्या पालकांनी मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय बाहेरून शिवून घेऊ नये.

बूट जूनमध्ये घेऊच नका असं मी सगळ्यांना सांगते. पावसाळ्यात काळे बूट भिजून कुजतात, मोजे ओले राहून पायाला चिखल्या होतात. बऱ्याच शाळा पावसाळ्यात सँडल किंवा फ्लोटर चालवून घेतात, वर्गशिक्षकांना विचारा, चालत असेल तर बूट ऑगस्टच्या शेवटी घ्या. तोवर पाय थोडा वाढलेला असतो आणि तेच बूट मार्चपर्यंत पुरतात. माप संध्याकाळी घ्या आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा, दोन अंगठ्यांएवढी नको, मूल पडतं.

दप्तर दरवर्षी लागत नाही. चेन गेली म्हणून टाकू नका, रनर बदलून मिळतो, आमच्याकडे चप्पल शिवणाऱ्या काकांनी 30 रुपयांत करून दिला आणि पट्टाही शिवून दिला. नवीन घेणार असाल तर कार्टूनकडे बघू नका, पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली शिवण दुहेरी आहे का बघा आणि रिकामी बॅग हातात धरून वजन बघा. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं केंद्राच्या 2020 च्या धोरणात म्हटलंय, म्हणजे 25 किलोच्या मुलाला अडीच किलो, आणि काही फॅन्सी बॅगा रिकाम्याच एक किलोच्या असतात. रेनकोट दप्तरावरून जाईल एवढा मोठा घ्या, नाहीतर पहिल्याच सरीत वह्या भिजतात आणि परत वह्यांचा खर्च.

आता शाळेच्या सक्तीबद्दल, कारण इथे पालक घाबरून गप्प बसतात. ठरावीक दुकानातूनच किंवा शाळेतूनच साहित्य घ्या अशी सक्ती करता येत नाही, तसे शिक्षण विभागाचे आदेश आहेत. धाकट्याच्या शाळेने एका वर्षी शाळेचं बोधचिन्ह छापलेल्या वह्याच हव्यात असं सांगितलं, बाहेर 45 ला मिळणारी वही तिथे 70 ला. आम्ही सहा पालकांनी एकत्र अर्ज लिहिला, चार ओळींचा, साध्या भाषेत: सक्तीची सूचना कृपया लेखी द्यावी. लेखी काही आलं नाही आणि आठवड्याभरात साध्या वह्या चालू लागल्या. एकट्याने जाऊ नका, मुलाला वर्गात बोलणी बसतील ही भीती सगळ्यांनाच असते आणि सहा सह्या असल्या की कोणा एकाचं मूल पुढे येत नाही. खासगी शाळेत 2011 च्या फी नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ असावाच लागतो, पहिल्या सभेतच गणवेश दर दोन वर्षांनी बदलू नका हा विषय मांडा. शाळेने ऐकलंच नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

पैशांचं म्हणाल तर फी, गणवेश, क्लासचा पहिला हप्ता सगळं जूनमध्येच येतं. आमच्या भिशीत मी दरवर्षी मेचा नंबर मागून घेते, बाकीच्यांना दिवाळीचा हवा असतो त्यामुळे सहज मिळतो. भिशी नसेल तर जानेवारीपासून महिन्याला 1,500 बाजूला टाकले तरी मे संपेपर्यंत 7,500 होतात, दोन मुलांची पहिल्या दिवसाची यादी त्यात आरामात बसते. आणि मुलांना दुकानात नेण्याआधी घरीच सांगा की एक वस्तू तुझ्या आवडीची, 200 रुपयांपर्यंत, बाकी यादीप्रमाणे. माझ्या मुलाने मागच्या वर्षी त्यातून डायनासोरची बाटली घेतली, ती अजून चांगली आहे, यंदा फक्त झाकणाचं रबर बदलायचंय.