डिझेल ठिबकत नाही म्हणून गळती नाही, असं धरू नका

जीप घेऊन नव्यानं सह्याद्रीत उतरणाऱ्यांसाठी लिहितोय. पाने कुठले, जॅक कुठे लावायचा, हे तुम्हाला येतं असं धरतो.

मला अडवलं ते डिझेलच्या पाइपात शिरलेल्या हवेनं. ऑगस्टचा पाऊस, वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूची चिखलाची वाट, जुनी डिझेल जीप. चढावर दोन आचके दिले आणि गाडी बंद. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला, फेस निघून नुसतं डिझेल यायला लागल्यावर स्क्रू आवळला. गाडी चालू. दीड किलोमीटरवर पुन्हा बंद. असं चार वेळा झालं. फिल्टर बदलला, इंजेक्टरचे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे, नट सोडून पाहिले, सेल्फ मारत राहिलो. अंधार पडता पडता बॅटरी बसली आणि रात्र गाडीतच काढली. ती रात्र आठवली की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

मी गाडीखाली ओल शोधत होतो, तिथेच फसलो. टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलतो तो फीड पंप, आणि टाकीपासून त्या पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. इंजिन चालू असताना त्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि पाइप वरून कोरडा ठणठणीत दिसतो. पंपाच्या पुढच्या लाइनीत मात्र दाब असतो, तिथली गळती लगेच ओली दिसते. माझा रबरी पाइप चासीला घासून क्लिपच्या अगदी आत केसाएवढा चिरला होता. वरून हात फिरवून कळणं शक्यच नव्हतं.

म्हणून हवा दुसऱ्यांदा धरली की स्क्रूला हात लावायचा नाही. आधी टाकीत डिझेल किती आहे ते बघा, कारण कमी असेल तर उभ्या चढावर आतल्या नळीचं तोंड उघडं पडतं. मग कॅनमध्ये डिझेल घ्या, वेगळा पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा, हवा काढा आणि चालवा. गाडी नीट चालली तर दोष टाकी ते पंप एवढ्यातच आहे. चिरलेलं टोक दोन इंच कापून पाइप परत चढवायचा, क्लिप आवळायची. पाइप पुरत नसेल तर कॅन बांधून घर गाठा. जोडावरचे तांब्याचे वायसर कडक झाले असतील तर चुलीवर लाल होईपर्यंत तापवून गार करा, पुन्हा मऊ होतात आणि बसतात.

सेल्फ एका वेळी 10 सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. आणि हे सगळं जुन्या इंजिनांचं आहे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना जोरदार दाबानं डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढायला जाऊ नका. तिथे दाब 1000 बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते आणि बोट कापायची वेळ येते.

बाकीचं इतकं अवघड नाही. चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तर अॅक्सल आणि चासीमध्ये लाकडाचा ठोकळा, वरून साखळी, आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश. टाकीच्या बारीक चिरेवर ओला साबण घासला तर गावापर्यंत पोचता येतं. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला सगळे देतात. मला तो आवडत नाही, कारण गळती थांबते पण बारीक नळ्याही बुजतात. टाकलीच तर घरी आल्यावर रेडिएटर धुऊन घ्या.

व्हिडिओ बघून हात बसत नाही. जो मिस्त्री पाना तुमच्या हातात देतो आणि शेजारी उभा राहतो, त्याच्याकडे दोन रविवार काढा. मला चीर दाखवली ती अशाच एका दादांनी. सकाळी ते ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आले, पाइप वाकवला, म्हणाले, "हे बघ, इथं श्वास घेतेय." कापून जोडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तेव्हापासून सीटखाली दोन मीटर डिझेल पाइप आणि चार क्लिपा असतात.