छोट्या देशाच्या एका वर्षाची सनावळी कशी करावी : एस्टोनिया, १९९१

छोट्या देशाची सनावळी करायला बसले की शेजारच्या मोठ्या देशाच्या घटना पानभर पसरतात आणि ज्याचे वर्ष लिहायचे तो देश कोपऱ्यात जातो. तोवर सोव्हिएत संघाच्या ताब्यात असलेल्या एस्टोनियाचे १९९१ हे साल त्याचा उत्तम नमुना आहे. म्हणून प्रथम एक कसोटी ठरवून घ्यावी : घटना त्या देशाच्या भूमीवर घडलेली असावी किंवा तिचा कर्ता त्या देशाचा असावा, अपवाद फक्त त्या देशाविषयी इतरांनी घेतलेल्या निर्णयांचा.

ही कसोटी जानेवारीतच लावून पाहावी. १३ जानेवारीला विल्नियसमध्ये सोव्हिएत सैन्याने नागरिकांवर बळाचा वापर केला. ती नोंद लिथुआनियाच्या सनावळीत शोभेल. त्याच दिवशी रशियाचे नेते बोरिस येल्त्सिन एस्टोनियाची राजधानी टालिनला आले, ही नोंद मात्र एस्टोनियाची आहे, आणि विल्नियसचा उल्लेख तिच्यात कारण म्हणून एका वाक्यात यावा. ३ मार्चच्या सार्वमताला आकडे जोडावेत : सुमारे ८३ टक्के मतदान झाले आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. मतदानाचे प्रमाण आणि कौल या दोन वेगळ्या टक्केवाऱ्या आहेत. घाईत त्यांची अदलाबदल फार होते.

खरी मेहनत ऑगस्टवर घ्यावी. १९ तारखेला मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि २० तारखेला रात्री अकरा वाजून गेल्यावर टालिनमधील टोम्पेआ टेकडीवर सर्वोच्च परिषदेने, म्हणजे एस्टोनियाच्या तेव्हाच्या विधिमंडळाने, ६९ मतांनी स्वातंत्र्याविषयीचा ठराव संमत केला. इतक्या उशिराची बातमी दुसऱ्या दिवसाच्या वृत्तपत्रात २१ तारखेखाली सापडते, त्यामुळे वृत्तपत्रावरची तारीख जशीच्या तशी उतरवू नये; ठरावांसाठी ‘रीगी तेआताया’ हे शासकीय राजपत्र पाहावे. तारखेइतकेच क्रियापदही जपावे. ‘एस्टोनिया स्वतंत्र झाला’ असे लिहिणे सोपे असले, तरी ठरावाने स्वातंत्र्याला दुजोरा दिला आणि राजनैतिक संबंध पूर्ववत करण्याची मागणी केली, कारण २४ फेब्रुवारी १९१८ रोजी घोषित झालेले प्रजासत्ताक कायद्याने कधी संपलेच नाही, अशी एस्टोनियाची भूमिका आहे. ‘पुनर्स्थापना’ हा शब्द जड वाटला तरी तोच वापरावा. माझ्या मते एका शब्दाची ही काटेकोरी दहा जास्तीच्या नोंदींपेक्षा मोलाची आहे.

२१ ऑगस्टची नोंद थोडी सैल सोडायला हरकत नाही. सोव्हिएत छत्रीधारी सैनिक ३१४ मीटर उंचीच्या टालिन दूरदर्शन मनोऱ्यात शिरले, तेव्हा वर असलेल्या मोजक्या रक्षकांनी लिफ्टच्या दारात काडेपेटी अडकवून ती बंद पाडली आणि प्रक्षेपण चालू राहिले. अशी एखादी वस्तू नोंदीत आली की कोरडी सनावळीही वाचली जाते.

मान्यतेच्या तारखा मात्र एका ओळीत कोंबू नयेत. आइसलँडने २२ ऑगस्टला मान्यता दिली, तर रेक्याविकमध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जोडण्याच्या कागदावर सह्या २६ ऑगस्टला झाल्या. दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या कृतींच्या आहेत. सोव्हिएत संघाची मान्यता ६ सप्टेंबरची, भारताची ९ सप्टेंबरची, आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व लाटव्हिया व लिथुआनियासह १७ सप्टेंबरचे. मधेच १३ सप्टेंबरला संविधान सभेची पहिली बैठक झाली. परदेशी बातम्यांच्या गर्दीत ही नोंद हमखास निसटते, म्हणून ती आधी लिहून मग इतर भरावे.

जुन्या सालांकडे वळणाऱ्यांनी १९१८ साली पंचांग बदलल्याचे लक्षात ठेवावे : ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी आली, म्हणून मधल्या तारखांची एखादी नोंद सापडली तर ती जुन्या गणनेची आहे का, हे तपासावे. एस्टोनियाचे नवे चलन क्रून हे २० जून १९९२ रोजी आले. ते १९९१ च्या पानावर कितीही शोभून दिसले, तरी पुढच्या पानासाठी राखून ठेवावे.