प्रेशर पडलं म्हणून जाड ऑइल? जुन्या इंजिनात या चुका टाळा

विंटेज गाडीच्या ऑइल प्रेशरचा काटा खाली आला की पहिला सल्ला ठरलेला: जाड ऑइल घाला. काटा वर येतो, मालक खूश होतो आणि खरं दुखणं तसंच राहतं. बेअरिंगपर्यंत ऑइल किती पोचलं हे गेज सांगत नाही. थंड इंजिनात जाड ऑइल असलं की प्रेशर इतकं चढतं की जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं ऑइल मधूनच चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, परत पडतं. काटा दिमाखात वर आणि इंजिनाच्या माथ्यावरचा, व्हॉल्व्ह हलवणारा रॉकर शाफ्ट कोरडा, असं तेव्हा सहज होतं.

म्हणून ऑइल बदलण्याआधी गेज तपासा. डॅशबोर्डवरचं म्हातारं गेज खरं बोलेलच असं नाही. ब्लॉकवर तात्पुरतं मेकॅनिकल गेज जोडा, इंजिन पूर्ण तापू द्या, मग आयडलिंगला आणि रेस केल्यावर किती येतं ते लिहून ठेवा. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय (प्रेशरचं एकक) हा ठोकताळा प्रसिद्ध आहे, पण तो सरसकट लावू नका. 1940च्या दशकातल्या शेवरोलेच्या 216 क्यूबिक इंची इंजिनाचं प्रेशर मुळातच 14 पीएसआयच्या आसपास असतं. तिथे कनेक्टिंग रॉडच्या बुडाशी असलेले डिपर चेंबरमधलं ऑइल उचलून बेअरिंगला देतात. अशा गाडीत 40 पीएसआयची अपेक्षा धरली तर नसलेला आजार शोधत बसाल.

प्रेशर खरंच कमी निघालं तर स्वस्तातलं काम आधी. रिलीफ व्हॉल्व्ह काढून त्याच्या सीटवर कचरा अडकलाय का, स्प्रिंग दमलीय का ते बघा. मग चेंबर उतरवून पंपाची जाळी साफ करा. थंड असताना प्रेशर ठीक, तापल्यावर पडतं आणि रेस केलं की खालून जड ठोका येतो? मग बेअरिंग गेलंय. तिथे कुठल्याच ग्रेडचं ऑइल कामाचं नाही.

डिपस्टिक बघताना नाकही वापरा. "आमची गाडी थेंबभरही ऑइल खात नाही" असं कौतुकाने सांगणाऱ्याची मला जरा शंकाच येते. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल झिरपत चेंबरमध्ये उतरतं. पातळी टिकते, कधी चढतेसुद्धा, पण ऑइल पाण्यासारखं पातळ होत जातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका. आधी पंप दुरुस्त करा, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे: हेड गॅस्केट गेलं असेल, किंवा इंजिन कधी पुरतं तापतच नसेल. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचं इंजिन दर आठवड्याला पाच मिनिटं चालवायची सवय यासाठीच वाईट. पाण्याची वाफ आत जमते आणि चोकमुळे जादा गेलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये राहतं. चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नाहीतर उभी राहू द्या.

नव्या ऑइलमध्ये झिंक कमी, म्हणून जुनं इंजिन झिजेल, हे भय मात्र थोडं कमी करायला हवं. झीज रोखायला ऑइलमध्ये मिसळतात त्या झिंकच्या अ‍ॅडिटिव्हमध्ये फॉस्फरसही असतो. 2004च्या एपीआय एसएम या अमेरिकी ऑइल-दर्जापासून 10डब्ल्यू-30सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यांपर्यंतच ठेवावा लागतो, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. कॅमशाफ्टवर घासत चालणाऱ्या, रोलर नसलेल्या टॅपेटला आणि तगड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगला हे कमी पडू शकतं. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल तर हयगय करूच नका. अशा इंजिनाला डेटा शीटवर फॉस्फरस 0.10 ते 0.12 टक्के दिसणारं ऑइल घ्या. पण दुसऱ्या महायुद्धापूर्वीची साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली) इंजिनं हलक्या स्प्रिंगची. झिंकचं हे अ‍ॅडिटिव्ह इंजिन ऑइलमध्ये रुळण्याआधीच ती रस्त्यावर होती. चांगल्या ऑइलमध्ये वरून बाटलीभर अ‍ॅडिटिव्ह ओतणं तर कुठल्याच इंजिनाला नको.

डिटर्जंट ऑइल, म्हणजे आतला गाळ सोडवणारं ऑइलही विनाकारण बदनाम आहे. धुतलेल्या, नव्याने बांधलेल्या इंजिनात ते खुशाल घाला. वर्षानुवर्षं साध्या ऑइलवर चाललेल्या, आत बोटभर गाळ साचलेल्या इंजिनात मात्र एकदम घालू नका. गाळ सुटून जाळीवर बसला की पंप उपाशी राहतो. चेंबर उतरवून खरवडा, मग भरा आणि पहिलं ऑइल लवकर काढून टाका. जुन्या फोक्सवागन बीटलला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आणि अडीच लिटर ऑइल, त्यामुळे तिथे 5000 किलोमीटरची मर्यादा ताणू नका.

बरेच महिने उभी असलेली गाडी पहिल्याच सेल्फला चालू करायची घाई नको. स्पार्क प्लग काढा, इग्निशनची जोडणी काढा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा.

धातूच्या डब्यात बसणाऱ्या जुन्या प्रकारच्या ऑइल फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकच्या खाचेत काळी, कडक होऊन चिकटलेली असते आणि धातूसारखीच दिसते. तिच्यावरच नवी बसवली की इंजिन रेस करताच ऑइल जमिनीवर. टोकदार सुईने जुनी रिंग पूर्ण उकरून काढा, खाच फडक्याने पुसा, बॅटरीचा उजेड टाकून पुन्हा बघा आणि नवी बसवल्यावर इंजिन चालू ठेवून मिनिटभर खाली वाकून पाहा.