चाकाविना घडा: मातीच्या वळ्यांनी भांडे घडवण्याची रीत

कुंभारकाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी चाक येते. आपल्याकडे कुंभारांच्या घरांतील स्त्रिया माती चाळतात, मळतात, भाजणीच्या वेळी बरोबरीने राबतात. परंतु चाकावर बसण्याचे काम परंपरेने पुरुषांकडेच राहिले. जगाच्या पाठीवर मात्र अनेक ठिकाणी स्त्रियांनी चाकाला हातही न लावता केवळ मातीच्या वळ्या एकावर एक रचून अप्रतिम भांडी घडवली आहेत, आणि मणिपूरमधील आंद्रो गावातही ही परंपरा स्त्रियांच्याच हाती आहे. नवशिक्याने चाकाच्या आधी ही रीत शिकावी असे माझे ठाम मत आहे, कारण भांड्याची भिंत म्हणजे काय हे तिच्यात बोटांना थेट कळते. पुढील कृती मी नायजेरियाच्या लादी क्वाली, अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या मारिया मार्टिनेझ आणि केनियात जन्मलेल्या मॅग्डलीन ओडुंडो या तिघींच्या कामाचा आधार घेऊन मांडत आहे.

पहिल्या भांड्यासाठी दोन किलो माती पुरते. शाडू मूर्तीसाठी चांगली असली, तरी भाजायच्या भांड्यासाठी जवळच्या कुंभाराकडून त्याची नेहमीची लाल माती आणावी. तिच्यात चार-पाच भागांस एक भाग या प्रमाणात बारीक चाळलेली वाळू किंवा जुन्या खापरांचा कूट मिसळावा. मारिया मार्टिनेझ यांच्या सान इल्देफोन्सो या गावी याच कामासाठी ज्वालामुखीची राख मातीत मिसळत असत. अशा भरडीमुळे माती वाळताना कमी आकसते आणि भाजताना आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते. निव्वळ चिकण मातीचे भांडे बहुधा तडकते. माती कणकेसारखी, पण अधिक जोर लावून मळावी आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस मुरू द्यावी. बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळली असता चिरली नाही, तर माती तयार झाली असे समजावे.

बुडासाठी एक उथळ ताटली घ्यावी, तिच्यात राख भुरभुरावी आणि भाकरीएवढ्या जाडीची मातीची चकती तिच्यात दाबून बसवावी. सान इल्देफोन्सोमध्ये अशा ताटलीला ‘पुकी’ म्हणतात. लादी क्वाली यांची सुरुवात निराळी होती: मातीचा मोठा गोळा ठेवून त्यात मुठीने खळगा करायचा, त्याच्या भिंती वर ओढायच्या आणि मग त्यांवर वळ्या चढवायच्या. पाण्याचे मोठे घडे घडवताना त्या भांड्याभोवती स्वतःच पावले टाकत फिरत असत. घरी आपणही ताटली उंच स्टुलावर ठेवून भोवती फिरावे. एकाच जागी बसून काम केले, तर समोरची बाजू नीट होते आणि पलीकडची फुगते.

आता अंगठ्याएवढ्या जाडीच्या वळ्या कराव्यात. कडेला किंचित ओरखडे काढून, पाण्याचा हात लावून वळी बसवावी, आतल्या बाजूने तिची माती बोटाने खाली ओढावी आणि बाहेरून वर चढवावी, म्हणजे सांधा उरत नाही. पोट रुंद करायचे असेल तर वळी कडेच्या बाहेरच्या अंगाला ठेवावी, गळा आवळायचा असेल तर आतल्या अंगाला. दोन-तीन वळ्या झाल्या की थांबावे. खालची माती स्वतःचा भार पेलण्याइतकी आवळल्याशिवाय वर चढण्याची घाई केली, तर भांडे बसते. या विसाव्यात फक्त कड ओल्या फडक्याने झाकून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतरचे आहे. डावा तळवा आतून टेकवावा आणि उजव्या हाताने करवंटीच्या गुळगुळीत कडेने बाहेरची माती खालून वर खरवडत न्यावी. ओडुंडो आजही दुधी भोपळ्याच्या वाळलेल्या कवचाने असेच खरवडतात. डोळे मिटून दोन्ही हातांच्या बोटांमध्ये भिंत धरली की जाड जागा लगेच सापडते. तेथे थोडी माती काढावी आणि पुन्हा चाचपावे. बुडाजवळचा कोपरा बहुधा जाड राहतो, आणि पुढे तोच तडकतो. यात एक तास गेला तरी तो सत्कारणी लागला असे मानावे.

भांडे सावलीत वाळत ठेवून नख दाबल्यावर जेमतेम खूण उमटेल इतके घट्ट झाले, की नक्षी करावी. लादी क्वाली यांच्या घड्यांवर सरडे, विंचू, साप आणि मगरी कोरलेल्या दिसतात आणि त्यांच्या मधोमध दातेरी लाटणी फिरवून उमटवलेले पट्टे असतात. त्यांचे घडे तेव्हाच्या अबुजाच्या (आजचे सुलेजा) अमिराच्या वाड्यात ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू यांच्या पाहण्यात आले, आणि १९५४ साली त्या कार्ड्यू यांच्या अबुजा येथील प्रशिक्षण केंद्रात दाखल झालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. तेथे त्या चाकही शिकल्या. तरीही त्यांची ओळख हाताने घडवलेल्या घड्यांनीच टिकली, आणि आज नायजेरियाच्या वीस नायरांच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. १९७४ साली ओडुंडो याच केंद्रात गेल्या आणि लादी क्वाली यांच्याकडून हातकाम शिकल्या.

नक्षीऐवजी झिलई हवी असेल, तर गेरू किंवा अतिशय बारीक गाळलेली लाल माती पाण्यात कालवून तिचे दोन-तीन हात द्यावेत आणि तो थर दमट असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटावे. एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढवत, हलक्या हाताने, मध्ये न थांबता संपूर्ण भांडे पुरे करावे. अर्धे ठेवून जेवायला उठले तर जोड कायमचा दिसतो. मारिया आणि त्यांचे पती ज्युलियन यांनी १९१९ च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी साधली ती याच टप्प्यावर: मारिया घोटत आणि ज्युलियन त्या चकाकीवर मातीच्याच पातळ द्रावाने नक्षी रंगवत, ती भाजल्यावर निस्तेज काळी उठून दिसे. पुढे भांड्यांच्या बुडावर दोघांची नावे येऊ लागली. कोणी मदत केली असेल, तर तिचेही नाव बुडावर अवश्य कोरावे.

भांडे किमान आठवडाभर सावलीत वाळवावे आणि अधूनमधून पालथे करावे. गालाला लावल्यावर गार वाटले, तर आत ओल शिल्लक आहे. भाजणीसाठी शहरात राहणाऱ्यांनी कुंभाराच्या आव्यात जागा मागावी. मोकळे अंगण असल्यास वारा नसलेल्या सकाळी भांडे आधी मंद आचेजवळ तासभर तापवावे, मग लोखंडी जाळीवर ठेवून खाली लाकूड आणि चहूबाजूंनी गोवऱ्या रचून जाळ करावा. लाल भांडे हवे असेल तर जाळ मोकळा जळू द्यावा. काळे हवे असेल तर भांडे तापून लाल झाल्यावर सान इल्देफोन्सोच्या रीतीने संपूर्ण ढीग लिदीच्या बारीक भुग्याने झाकून टाकावा. हवा कोंडते, मातीतील लोहाचा लाल रंग टिकत नाही आणि धुराचा कार्बन भिंतीत मुरतो. या वेळी धूर फार होतो, म्हणून लहान मुलांना लांब ठेवावे आणि ढीग पूर्ण निवेपर्यंत उकरू नये, कारण गरम भांड्याला गार वारा लागताच ते फुटते.

निवलेल्या भांड्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर भांडे अखंड आहे. बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर आहे. घोटलेली झिलई मंद भाजणीतच टिकते, आणि अशा भाजणीच्या भांड्यातून पाणी पाझरते. म्हणून त्यात धान्य, वाळलेली फुले किंवा गवताच्या काड्या ठेवाव्यात.