डोंगरातल्या ओढ्यावर फ्लाय फिशिंग: नव्याने आलेल्यांसाठी

नव्या देशात बस्तान बसलं, जवळपास डोंगर आणि थंड पाण्याचे ओढे आहेत आणि फ्लाय फिशिंग (किड्यासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाने, म्हणजे ‘फ्लाय’ने, केलेली मासेमारी) शिकावंसं वाटतंय, तर रॉड घेण्याआधी परवाना काढा. बऱ्याच देशांत गोड्या पाण्यातल्या मासेमारीला तो लागतोच, आणि एका प्रांताचा परवाना शेजारच्या प्रांतात चालेल असं धरून चालू नका. मग त्या ओढ्याचे नियम वाचा: हंगाम कधी सुरू होतो, मासा ठेवता येतो की सोडावाच लागतो, जिवंत आमिष चालतं का. एकाच ओढ्याच्या दोन टप्प्यांना वेगळे नियम असू शकतात. पाणी सार्वजनिक असलं तरी काठ कुणाच्या तरी मालकीचा असू शकतो, म्हणून जिथून उतरणार ती वाट आधी विचारून घ्या.

साध्या गळात शिशाचं वजन आमिषाला दूर नेतं. इथे पिसं आणि केस बांधून केलेल्या फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते लाईनला, आणि फेकली जाते तीही लाईनच. लहान ओढ्यासाठी ७ ते ७.५ फुटांचा, ३ वेटचा रॉड घ्या (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाईनच्या वजनाचा क्रमांक; आकडा लहान तशी लाईन हलकी). दुकानात नवशिक्याला बहुधा ९ फुटी, ५ वेटचा दाखवतात. मोठ्या नदीवर तो उत्तम, पण झाडांच्या बोगद्यात त्याचं टोक सारखं फांद्यांत अडकतं. तरंगणारी लाईन, तिच्या पुढे ७.५ फुटी निमुळता लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा), टोकाला दीड-दोन फूट ५एक्स टिपेट (सगळ्यात बारीक शेवटचा तुकडा, जाडी सुमारे ०.१५ मिमी). फ्लायसाठी गाठ पाच वेढ्यांची सुधारित क्लिंच. आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते, दोरा तिथेच कमकुवत होतो आणि मासा लागल्यावर नेमका तिथेच तुटतो.

फ्लायची पेटी भरायची घाई नको. तीनच प्रकार घ्या: १४ नंबरची एल्क हेअर कॅडिस, १४ आणि १६ नंबरची पॅराशूट अॅडम्स, पाण्याखाली चालणारी १६ नंबरची फेझंट टेल. प्रत्येकी तीन-चार पुरतात. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो.) डोंगरी ओढ्यात अन्न कमी आणि पाणी वेगवान, त्यामुळे माशाला विचार करायला क्षणभरच मिळतो. तो फ्लायच्या जातीपेक्षा ती कशी वाहत येते हे पाहतो.

खरं शिकायचं ते इथे. ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा; इथे धरायचा तो हाच) प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून ओढ्याच्या खालच्या अंगाने, त्याच्या मागून वर चढत जा. वरून उतरलात तर पायांनी ढवळलेला गाळ तुमच्या आधी त्याच्यापर्यंत पोचतो. वाकून, जमल्यास गुडघ्यावर जा; पाण्याखालून त्याला उंच वस्तू लवकर दिसते, काठालगतची बुटकी वस्तू फारशी नाही. डोहाजवळ पोचलात की पाच-दहा मिनिटं नुसते बसा. डोळे पाण्याला सरावले की दगडाची सावली वाटणारी एक रेघ हलते, शेपटी वळते, फेसाच्या कडेला ओठ वर येतो. आमच्या मते या छंदाचा निम्मा आनंद या बसण्यातच आहे, आणि मासेही त्यानेच लागतात.

पहिली फ्लाय डोहाच्या खालच्या टोकाला टाका, मग थोडी वर, शेवटी धबधब्याच्या पायथ्याशी. सुरुवातच वर केलीत तर खालचा मासा बिचकून वर पळतो आणि सगळा डोह सावध होतो. मासा पंधरा-वीस फुटांवरच असतो, त्यामुळे लांब फेक लागत नाही. नवशिक्यांचं चुकतं ते दुसरीकडेच: तुमच्या आणि फ्लायच्या मध्ये जोराचा प्रवाह असेल तर तो लाईन ओढतो, आणि फ्लायमागे पाण्यावर बाणाच्या टोकासारखी रेघ उमटते. ती रेघ दिसली की मासा फिरकत नाही. रॉडचं टोक उंच धरा, लाईन पाण्यावरून उचललेली ठेवा, फक्त लीडरचं टोक पाण्याला लागू द्या.

मागे झाडी असेल तर धनुष्यासारखी फेक करा. साधारण रॉडच्या लांबीएवढा लीडर बाहेर ठेवून लाईन रॉडच्या हाताच्या बोटाने दाबून धरा. दुसऱ्या हाताने फ्लाय गळाच्या वळणाशी, अणी बोटांच्या बाहेर ठेवून, चिमटीत पकडा. रॉड वाकेपर्यंत ताणा, नेम धरा, सोडा. सोडताना रॉडचा हात हलला की फ्लाय फांदीत गेलीच म्हणा. मासा लागला तर मनगट नुसतं वर उचला. हिसका दिलात तर चिमुकला मासा झाडात जाऊन पडेल.

गळाचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून सपाट करा. मासा धरण्याआधी हात ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. शक्यतो पाण्यातच गळ काढा. थर्मामीटर जवळ ठेवा: पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की थांबा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. ब्राऊन आणि ब्रूक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात. तेव्हा तळाच्या खडीत स्वच्छ, उजळ दिसणारे खळगे टाळून पाय टाका.

वर कुणी मासे धरत असेल तर त्याच्या पुढच्या पाण्यात उतरू नका. बराच वळसा घालून जा, किंवा त्यालाच विचारा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, तर डोक्यावर ऊन असलं तरी लगेच काठावर चढा; वर कुठेतरी पाऊस झालेला असतो. आणि घरी आलात की बुटांचे तळवे घासून पूर्ण वाळवा. ओल्या बुटांतून शेवाळ आणि माशांचे रोग एका ओढ्यातून दुसऱ्यात जातात.