फिनिश लष्करी विमानाचा कोड: वाचावा कसा, मॉडेलवर बसवावा कसा

बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उभं असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन म्हणजे 'आयएन ३१५'. त्यावरून विमान नौदलाचं आहे एवढं कळतं, जात कळत नाही. फिनलंडची रीत उलटी. तिथं विमानाच्या अंगावर आधी जातीची दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग त्या विमानाचा स्वतःचा आकडा. देशाचं नाव सांगायला गोल चिन्ह आहेच.

अक्षरं बहुतेक वेळा कारखान्याच्या किंवा विमानाच्या नावातून उचललेली असतात. बीडब्ल्यू म्हणजे ब्रूस्टर, एफआर म्हणजे फोकर डी-२१, बीएल ब्लेनहाइम, एमटी मेसरश्मिट, डीके ड्राकेन, एचडब्ल्यू हॉक (प्रशिक्षणाचं जेट), एचएन हॉर्नेट. पण अक्षरांवर डोळे मिटून विसंबू नका, जोड्या पुन्हा वापरल्या जातात. एनएच हा कोड पूर्वी चार इल्युशिन-२८ विमानांवर होता. आज तो एनएच-९० हेलिकॉप्टरवर दिसतो. घाईत वाचणारा एनएच आणि एचएन यांची अदलाबदल करतो, ती वेगळीच.

खरी माहिती आकड्यात असते. ब्रूस्टर ४४ आली, त्यांना ३५१ ते ३९४ मिळाले. हॉर्नेटमध्ये एका आसनाची ४०१ ते ४५७ आणि दोन आसनांची ४६१ ते ४६७. मग एचएन-४६८ कुठून आलं? २००१ साली हवेत झालेल्या टकरीत एचएन-४१३ मोडलं, त्याला कॅनडाच्या दोन आसनी हॉर्नेटचा पुढचा भाग जोडला आणि नव्या जातीप्रमाणे नवा आकडा दिला. जानेवारी २०१० मध्ये तेही कोसळलं. म्हणजे एका आसनाच्या किटवर ४६८ लावलं की जाणकार लगेच हसणार.

मेसरश्मिटमध्ये चूक सगळ्यात जास्त होते. त्याचे जी-२ आणि जी-६ असे दोन उपप्रकार. १९४३ पासून आलेली जी-२ विमानं एमटी-२०१ पासून पुढची. १९४४ ची जी-६ एमटी-४०१ पासून पुढची. जी-६ च्या नाकावर, विंडस्क्रीनच्या पुढं, मोठ्या मशीनगनमुळे दोन बाजूंना फुगवटे आहेत, जी-२ ला नाहीत. तेव्हा किटचा डबा उघडला की आधी फुगवटे बघा, मग आकडा निवडा. कर्टिस हॉकवर (हे युद्धकाळातलं जुनं विमान, वरचं एचडब्ल्यू नव्हे) सुरुवातीला तिसरं, लहान लिपीतलं अक्षरही असे: सीयू नंतर सी असेल तर सायक्लोन इंजिन, डब्ल्यू असेल तर वास्प. दोन्हींची इंजिनावरची झाकणं वेगळी आहेत.

शेपटीवरचा मोठा आकडा कोड समजू नका. बीडब्ल्यू-३६४ हे फिनिश लढाऊ वैमानिक इल्मारी यूतिलाइनेनचं विमान, त्याच्या शेपटीवर नारिंगी ४ होता. तो स्क्वाड्रनमधला क्रमांक. विमान दुसरीकडे गेलं की तो पुसला जाई, कोड मात्र तोच राही.

कोडाआधी तुमचं विमान कोणत्या तारखेचं दाखवायचं ते ठरवा. १९४१ पासून धडाच्या मागच्या भागावर पिवळा पट्टा. सप्टेंबर १९४४ च्या युद्धबंदीनंतर पिवळं गेलं. १ एप्रिल १९४५ पासून फिनिश विमानांवरचं राष्ट्रचिन्ह, निळं स्वस्तिक, जाऊन पांढरा-निळा गोल आला. मधल्या काही महिन्यांत स्वस्तिक आहे पण पिवळं नाही, इथंच मंडळी घसरतात. हे स्वस्तिक १९१८ मध्ये स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोझेननं भेट दिलेल्या पहिल्या विमानासोबत आलं. त्याच्यासाठी ते शुभचिन्ह होतं, आपल्या उंबरठ्यावरच्यासारखंच. ते सरळ काढायचं, तिरकं नाही.

अक्षरांची उंची अंदाजानं घेऊ नका. विमानाचा सरळ बाजूनं काढलेला फोटो घ्या, अक्षराची उंची आणि विमानाची लांबी फूटपट्टीनं मोजा. ब्रूस्टर ८.०३ मीटर लांब, म्हणजे १/४८ मापात साधारण १६७ मिलिमीटर. फोटोत अक्षर लांबीच्या विसाव्या भागाएवढं भरलं तर मॉडेलवर ८.४ मिलिमीटर. रेघही मोजा, ती अक्षरापेक्षा बारीक असू शकते.

कोड डेकलनं, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवून चिकटवायच्या पातळ छापानं, बसवतात. पारदर्शक डेकल कागदावर इंकजेटनं छापलं तर शाई पाण्यात विरघळते. छपाई पूर्ण वाळल्यावर वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येकानंतर थांबा, शेवटी एक दिवस ठेवा. लेझर छपाईला हे कमी लागतं. कडा अक्षराला लागून कापा. मॉडेलवर आधी चकचकीत वार्निश हवंच. खरखरीत रंगावर लावलं तर डेकलखाली हवा अडकून चंदेरी चट्टे उठतात. डेकल कोमट पाण्यात १५–२० सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर ठेवा, मग सरकवा. आकडे सुटे असतील तर आधी मधला बसवा, मग दोन्ही बाजूंचे, म्हणजे ओळ वाकडी होत नाही.

गोव्यात अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी ओल्या लॅकर वार्निशवर बसतं आणि पांढरी साय धरते. पहाटे फवारणी करू नका, तेव्हा दमटपणा सर्वात जास्त. पाऊस उघडलेली दुपार पकडा, वार्निशच्या फवाऱ्याचा डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवून मगच मारा, आणि मॉडेल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वाळवा. तरीही साय आलीच तर पुसायला जाऊ नका, डेकलसकट निघेल. चांगल्या उन्हाच्या दिवशी त्याच वार्निशचा एक हलका हात पुन्हा मारा.