आई-वडिलांचं घर हलवताना

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की बिल्डर भाडं देतो, टेम्पोचे पैसे देतो आणि एक तारीख देतो. ऐंशीच्या घरातल्या माणसांना त्या तारखेपर्यंत तयार करायचं काम घरच्यांचं. डोंबिवलीतला ४२ वर्षांचा संसार उचलून आई-अण्णांना भाड्याच्या घरात नेलं, तेव्हा बऱ्याच चुका करून झाल्या. त्यातून हाती लागलेला क्रम असा.

१. घर त्यांच्यासोबत बघा

मोबाइलवर फोटो दाखवून हो म्हणवून घेऊ नका. लांबच्या तीन खोल्यांपेक्षा जुन्याच भागातल्या दोन बऱ्या. डॉक्टर, भाजीवाली आणि संध्याकाळचा कट्टा टेम्पोत भरता येत नाही. लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर ती चालते का, आणि बाथरूमला उंबरा किती उंच आहे, एवढं तरी बघाच.

२. पलंग ते बाथरूम

सामान हलवण्याआधी माझ्या मते हेच काम करावं. जुन्या घरात अण्णा रात्री डोळे अर्धे मिटून बाथरूमला जायचे: पलंगावरून उजवीकडे उतरायचं, चार पावलं, मग कपाटाचा कोपरा हाताला लागतो. ही वाट डोक्यात नसते, पायांत असते. नव्या घरात आम्ही पलंग भिंतीला सोयीचा म्हणून उलटा लावला आणि तिसऱ्या रात्री अण्णा थेट बाल्कनीच्या दारावर जाऊन आदळले. नशिबाने कपाळावरच्या टेंगळावर निभावलं. दुसऱ्या दिवशी पलंग फिरवला.

म्हणून उतरायची बाजू तीच ठेवा. पलंगावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. वाटेतली पायपुसणी, सैल सतरंजी आणि चार्जरच्या वायरी काढा, रात्रभर मंद दिवा ठेवा. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत ड्रिल करून स्टीलचे दांडे बसवा. रबरी चकतीवर चिकटवायचे दांडे ऐन वेळी निघून हातात येतात. घरमालकाला आधी विचारा. भोकं बुजवून देण्याच्या बोलीवर बहुतेक तयार होतात. बाथरूमच्या दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी हवी.

३. सामान

महिनाभर आधी लागा आणि दिवसाला एकच कपाट घ्या. सुरुवात माळ्यापासून करा, कारण माळ्यावरच्या वस्तूंत जीव कमी अडकलेला असतो. फोटो आणि पत्रं शेवटी, नाहीतर अख्खा दिवस वाचण्यातच जातो. त्यांच्या माघारी काही टाकू नका. मी चेपलेलं पितळी पातेलं भंगारात दिलं, तर आई एवढंच म्हणाली, "अरे, तुझं बाळंतपणातलं पाणी त्यात तापायचं." त्यानंतर भंगारवाल्याशी व्यवहार तिनेच केला, आणि भावही माझ्यापेक्षा बरा काढला.

४. कागद

ही कामं कंटाळवाणी, पण अडली की फार अडतात. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, पण वयस्कांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. एजंट घरी येण्याच्या आदल्या दिवशी हातांना तेल चोळा आणि अंगठ्यावर अडून न बसता सगळी बोटं लावून बघा. मतदार यादीतला पत्ता अर्ज क्रमांक ८ भरून बदलतो. दुसऱ्या गावी जात असाल तर गॅसचं सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. केंद्र सरकारी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा महिना नोव्हेंबर, ८० वर्षांपुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो; आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

एक नाजूक गोष्ट. या धावपळीत "आता घर मुलाच्या नावावर करून टाका" असं सांगणारे भेटतात. घाई नको. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, ते ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवरच उभं आहे. मुलगा असूनही मी हे सांगतोय.

५. हलवण्याचा दिवस

हमाल येतील तेव्हा दोघांना आत्याकडे नाहीतर शेजारी पाठवा. रिकामं होत जाणारं घर बघायला लावू नका. औषधं, प्रिस्क्रिप्शनची फाइल, चष्मे, कवळी, श्रवणयंत्राचे सेल आणि दोन दिवसांचे कपडे एका पिशवीत, आणि ती पिशवी तुमच्या खांद्यावर. देव टेम्पोत घालू नका. आईने बाळकृष्ण मांडीवर घेऊन रिक्षातून नेला, नव्या ओट्यावर दूध उतू घातलं, मगच चहा झाला. त्या रात्री दोघांचं अंथरूण घातलेलं असलं की पुरे. खोकी आठवडाभर राहिली तरी चालतात.

६. पुढचे पंधरा दिवस

कोणीतरी रात्री मुक्कामाला राहा. नव्या जागेत संध्याकाळनंतर गोंधळ वाढला, वेळ-काळ कळेनासा झाला किंवा जेवण तुटलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. दूध आणि केमिस्टचा रस्ता दोन-तीनदा त्यांच्याबरोबर चाला, पण पिशवी त्यांच्याच हातात द्या.

दुसऱ्या आठवड्यात अण्णांनी स्टेशनवरून रिक्षा केली, सवयीने जुना पत्ता सांगितला आणि पत्रे ठोकलेल्या फाटकासमोर उतरले. वॉचमन ओळखीचा, त्याने मला फोन लावला. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी असते: नवा पत्ता, जवळची खूण, दोन फोन नंबर, ठळक अक्षरांत. धुवायला टाकताना खिसा तपासायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय.